टाकीवरचा डबा पहाटे का गप्प व्हायचा

दिवसभर तो डबा नीट चालायचा आणि पहाटेच्या सुमारास गप्प व्हायचा. ऊन वर आलं की आपोआप पुन्हा सुरू. एप्रिल-मेमध्ये काही तक्रार नव्हती. जूनमध्ये पाऊस लागला तशी ही खोड सुरू झाली आणि जुलैत ती रोजचीच झाली.

डबा म्हणजे माझ्या भाच्याने घरी बनवलेला, पाण्याची पातळी सांगणारा मीटर. ऐरोलीत त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून तो बसवलाय. आत वायफाय असलेल्या ईएसपी३२ या छोट्या संगणक-चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड, टाकीच्या झाकणातून खाली पाण्याकडे बघणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर, एक १८६५० लिथियम सेल, तो चार्ज करायला टीपी४०५६चा छोटा बोर्ड आणि वर एक वॅटचं सोलर पॅनल. दर पंधरा मिनिटांनी डबा जागा होतो, पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, खालच्या मजल्यावरच्या त्यांच्याच घरातल्या वायफायवरून आकडा पाठवतो आणि परत झोपतो. तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये तीन दिवे आहेत. लाल लागला की वॉचमनकाका पंप चालू करतात, हिरवा लागला की बंद. लिफ्टच्या खोलीतून टाकीपर्यंत लाइटची वायर ओढायला सोसायटीच्या वायरमनने साफ नकार दिला होता, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं. उघड्या गच्चीवर, भर पावसात, पाण्याच्या टाकीच्या झाकणापाशी २३० व्होल्ट कशाला न्यायचे? म्हणून बॅटरी.

डबा गप्प झाला की केबिनमधला दिवा शेवटच्या रंगावर अडकून राहायचा. रात्री हिरवा असला तर पहाटे टाकी रिकामी होत आली तरी हिरवाच. नळाला पाणी नाही हे लोकांना अंघोळीला बसल्यावर कळायचं. भाच्याने सगळ्यात आधी एक गोष्ट केली ती मला फार आवडली: पाऊण तासात नवा आकडा आला नाही तर तिन्ही दिवे लुकलुकतील असं त्याने केबिनच्या बोर्डात टाकलं. मूळ दोष सापडायचा तेव्हा सापडेल, पण तोवर यंत्राने खोटं तरी बोलू नये.

मी रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे घरातली असली कामं शेवटी माझ्याकडे येतात. मी गेले तेव्हा भाच्याने सेल बदलून झाला होता. बदलल्यावर काही दिवस डबा छान चालला आणि मग परत पहाटेचा गप्प. दुसरा सेल आणला, पुन्हा तेच. "मावशी, बाजारातले सेलच बोगस असतात," असं त्याचं मत झालं होतं. बोगस सेल असतात हे खरंच आहे. १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं दिसलं की तो तिथेच ठेवून द्यावा. त्या मापात आज साडेतीन हजारांच्या आसपासच जास्तीत जास्त मिळतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तरी पुष्कळ कळतं. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, भुसा भरलेला त्याहून खूप हलका. पण याचा सेल वजनाला नीट होता, लेबलवर २६०० होते आणि ते पटण्यासारखे होते. सेल बदलून काही दिवस बरं वाटतं याचं कारण नवा सेल काठोकाठ भरून लावला जातो. ४.२ व्होल्टवरून तो खाली यायला वेळ लागतो, आणि तोवर सगळ्यांना वाटतं की रोग गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होती.

मल्टिमीटर लावला तर सेल ३.७८ व्होल्ट दाखवत होता. "बघ, चांगला तर आहे," बहीण म्हणाली. इथेच बहुतेकांचं चुकतं म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते. स्वस्थ पडलेल्या सेलचा व्होल्टेज सेलमध्ये साधारण किती चार्ज उरलाय ते सांगतो. काम करताना बोर्डच्या पायांपर्यंत किती व्होल्ट पोचतात, ते तो सांगत नाही. सगळ्या बिऱ्हाडांचे नळ बंद असताना पाइपात दाब भरपूर असतो. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. ईएसपी३२ झोपेत असताना चिपपुरता विचार केला तर १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतो. वायफाय चालू करून पाठवायला लागला की तोच २४० मिलीअँपिअरच्या पुढे जातो, म्हणून पुरवठा किमान ५०० मिलीअँपिअर देऊ शकणारा हवा असं त्याचे बनवणारेच सांगतात. हे झटके मिलिसेकंदभराचे किंवा त्याहून कमी वेळाचे असतात. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो. झटक्याच्या वेळी व्होल्टेज कितीही खाली गेला तरी मीटर आपला सरासरी काढून शांतपणे तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून बॅटरीची तक्रार आली की मी दोनच गोष्टी विचारते: व्होल्टेज कुठे मोजला, आणि कधी मोजला.

पुढचा अडथळा म्हणजे लॅपटॉप. बोर्ड नेमका काय म्हणून बंद पडतोय हे बघायला भाच्याने यूएसबी वायर लावली की दोष गायब. साहजिकच आहे, यूएसबी लावली की बोर्डला लॅपटॉपकडून ५ व्होल्ट मिळतात आणि सेलचा संबंधच उरत नाही. मी वेगळा यूएसबी-सिरियल अडॅप्टर घेतला आणि त्याच्या दोनच वायरी जोडल्या: ग्राउंड, आणि बोर्डच्या टीएक्सवरून (पाठवणारी पिन) अडॅप्टरच्या आरएक्सवर (ऐकणारी पिन). ५ व्होल्टची वायर मोकळी ठेवली. आता बोर्ड सेलवरच चालत होता आणि बोलणं मात्र लॅपटॉपवर दिसत होतं. रात्रभर लॅपटॉप जिन्याच्या वरच्या टप्प्यावर ठेवला. सकाळी फाइल उघडली तर साडेचारनंतर एकच ओळ परत परत: 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याचं चिपमधल्या राखणदाराने पकडलं. बोर्ड सुरू होतो, वायफाय चालू करतो, व्होल्टेज कोसळतो, चिप स्वतःला रिसेट करते, पुन्हा वायफाय चालू करते. झोपायची पाळीच येत नाही. आणि जागं असताना ती शंभरावर मिलीअँपिअर खात असते, म्हणजे आधीच उतरलेला सेल आणखी उतरतो. ऊन येऊन चार्जिंग सुरू होईपर्यंत हे चालू.

भाच्याला यावर इंटरनेटवर एक ओळीचा उपाय मिळाला होता: कोडमध्ये ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करून टाकायचा. कित्येक जण तो उपाय देतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. डिटेक्टर २.४ व्होल्टच्या आसपास चिप थांबवतो, कारण त्याखाली ती काय करेल याचा भरवसा नसतो. फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत, काही लिहीत असताना व्होल्टेज गेला तर साठवलेलं सगळं बिघडू शकतं, आणि मग टाकीवर चढून नवा प्रोग्रॅम भरावा लागतो. डिटेक्टर हा आपल्या बाजूचा साक्षीदार आहे, त्याचं तोंड बंद करू नये. त्याऐवजी आम्ही उलट केलं. ईएसपी३२ला सुरू झाल्यावर मागचा रिसेट कशाने झाला हे विचारता येतं. ते कारण दर आकड्यासोबत पाठवायला लावलं.

मग डबा खाली उतरवला आणि एका शनिवारी कारखान्यात नेला. साहेबांना विचारून स्टोरेज स्कोप, म्हणजे क्षणाक्षणाचा व्होल्टेज रेघेने काढून साठवणारं यंत्र, घेतला, प्रोब ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टच्या पायावर लावला, व्होल्टेज खाली उतरला की चित्र पकडेल असा ट्रिगर ठेवला आणि सेलऐवजी बेंच सप्लाय जोडून ३.७५ व्होल्ट दिले. स्कोपवर जे दिसलं ते भाच्याला दाखवायला मी फोटो काढून ठेवलाय. वायफाय सुरू व्हायच्या आधीच ३.३ च्या जागी रेघ २.७५ वर होती. म्हणजे चिप पहिल्यापासूनच अर्धपोटी. वायफाय सुरू झालं आणि रेघेत खाली जाणारे अरुंद खळगे दिसायला लागले, २.६, २.५५, प्रत्येक पाठवणीला एक. आता बेंच सप्लायच्या जाड वायरी काढून त्या जागी डब्यातला होल्डर, डब्यातल्याच वायरी आणि सेल लावला. खळगे २.४ पर्यंत पोचले, एक खळगा त्याच्या खाली गेला, आणि लगेच रेघ एकदम वर उडाली, कारण चिप थांबली आणि लोडच गेला. एका सेकंदाच्या आतला हा सगळा खेळ. मीटरने तो जन्मात दिसला नसता.

यात दोन वेगवेगळे दोष एकमेकांच्या पाठीशी उभे होते आणि एकेकटा कुठलाच यंत्र बंद पाडण्याएवढा मोठा नव्हता. म्हणूनच तो सापडत नव्हता.

पहिला दोष बोर्डवरच्या रेग्युलेटरचा. या डेव्हलपमेंट बोर्डांवर बहुधा एएमएस१११७ असतो. तो यूएसबीच्या ५ व्होल्टवरून ३.३ करण्यासाठी आहे आणि ते काम तो चोख करतो. पण त्याला स्वतःसाठी एक व्होल्टच्या आसपास लागतो. पूर्ण लोडला १.१ ते १.३. म्हणजे ३.३ द्यायला आत साडेचारच्या जवळपास हवेत. लिथियम सेल काठोकाठ भरला तरी ४.२! सेल भरलेला असताना चिपला ३.१-३.२ मिळत होते आणि काम भागत होतं. सेल निम्म्यावर आला की २.७५. सेलमध्ये अजून निम्मा जीव शिल्लक आणि यंत्र मात्र उपाशी, असा हा प्रकार. उन्हाळ्यात पॅनल रोज सेल भरत होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसाळी ढगांत तेच पॅनल पुरेनासं झालं, सेल संध्याकाळी ३.८५ वर आणि पहाटे ३.७५ वर राहायला लागला, आणि नेमकी त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी मरणरेषा होती.

दुसरा दोष वाटेतला. तो शोधायला स्कोप लागत नाही, दहा ओहमचा पाच वॅटचा सिमेंट रेझिस्टर आणि साधा मीटर पुरतो. घरी हे कोणालाही जमेल म्हणून आकड्यांसकट सांगते. बोर्ड काढून ठेवला आणि त्याच्या जागी, त्याच वायरींच्या टोकांना, रेझिस्टर लावला. साधारण ३५० मिलीअँपिअरचा लोड झाला, म्हणजे वायफायच्या झटक्याएवढाच, फक्त सलग, मीटरला वाचता येईल असा. लोड नसताना सेल ३.८३ होता. लोड लावल्यावर थेट सेलच्या दोन टोकांवर ३.७६. म्हणजे सेलच्या पोटात ०.०७ पडले, अंतर्गत रोध ०.२ ओहम. वापरलेल्या सेलला हे ठीक. आता रेझिस्टरच्या टोकांवर मोजलं: ३.४८. सेलपासून बोर्डपर्यंतच्या वीतभर वाटेत ०.२८ व्होल्ट हरवले होते! वाटेचा रोध ०.८ ओहम.

कुठे हरवले ते शोधायची मेंटेनन्सवाल्यांची रीत सोपी आहे. लोड चालू ठेवायचा आणि मीटरची दोन टोकं प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवत जायचं. जोड धड असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतो. जिथे आकडा दिसेल तिथे चोर. चार्जिंग बोर्डवरच्या प्रोटेक्शनमध्ये ०.०२, ते असणारच. पातळ जंपर वायरींत आणि त्यांच्या टोचणाऱ्या पिनांत ०.०६. सरकत्या स्विचमध्ये ०.०६. आणि सेलच्या ऋण टोकाकडच्या स्प्रिंगमध्ये, एकट्या स्प्रिंगमध्ये, ०.१३.

ती स्प्रिंग मी भिंगाखाली धरली. वरची वेटोळी चकचकीत होती, सेल जिथे टेकतो तिथे जरासा काळा डाग, बस. वरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. पण तळाशी, स्प्रिंग जिथे प्लास्टिकच्या भिंतीतून पलीकडच्या पत्र्याला रिव्हेटने अडकवलेली होती, तिथे रिव्हेटच्या भोवती तांबूस गंजाची कडा आणि पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड होती. रिव्हेट नखाने ढकलली तर हलत होती. सोल्डर या पत्र्याला होती, स्प्रिंगला नाही. म्हणजे सगळा करंट त्या सैल, गंजक्या रिव्हेटमधून जात होता. स्प्रिंग बोटाने दाबली की मीटरवरचा आकडा ०.१३ वरून ०.०४ वर यायचा, सोडली की परत चढायचा. भाचा कितीतरी वेळ नुसती दाबत-सोडत बसला होता. ऐरोलीला खाडी अगदी उशाशी आहे. खारा दमट वारा, चार महिने पाऊस, आणि निकेलचा नावापुरता मुलामा दिलेली पोलादी स्प्रिंग. हे होल्डर टेबलावरच्या प्रयोगाला ठीक आहेत, गच्चीवर नाहीत.

आता हिशेब जुळला. पहाटे सेल ३.७५. सेल आणि वाट मिळून एक ओहम, ३५० मिलीअँपिअरला ०.३५ पडले. उरले ३.४. रेग्युलेटरने एक घेतला. चिपच्या पायावर २.४. संध्याकाळी तेच २.५, आणि त्या ०.१ व्होल्टवर यंत्र चालत होतं.

भाच्याने आधी एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला होता आणि "कपॅसिटरने काही होत नाही" असं ठरवलं होतं. कपॅसिटरने होतं, पण त्याच्या कुवतीएवढंच. ३०० मिलीअँपिअरचा एक मिलिसेकंदाचा झटका एक हजार मायक्रोफॅरडमधून भागवला तर व्होल्टेज ०.३ ने उतरतो. म्हणजे एखादा झटका तो झेलतो. पण वायफाय जोडायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ सलग शंभरावर मिलीअँपिअर पुरवणं त्याच्या हातात नाही. शिवाय त्याचा कपॅसिटर रेग्युलेटरच्या अलीकडे, चार्जिंग बोर्डपाशी होता. तो चिपच्या पायांना चिकटून हवा, आणि सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. ऐरोलीहून ठाणे, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण पार्ट घेणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. हल्ली सगळं घरपोच मिळतं तरी मी भाच्याला मुद्दाम नेलं. काउंटरवर वायर हातात घेऊन तिचे तार मोजता येतात, होल्डरची रिव्हेट हलवून बघता येते. आणलं ते एवढंच: निकेलची पट्टी मशीनने वेल्ड केलेला, टॅबवाला सेल, जाड, बऱ्याच तारांची लवचीक वायर, चांगला टॉगल स्विच, नुसतं ईएसपी३२चं मोड्यूल आणि ते बसवायची पट्टी, आणि एचटी७८३३ रेग्युलेटर. टॅबवाला सेल यासाठी की सेलच्या टोकावर थेट सोल्डर मारू नये, उष्णता आत जाऊन सेल खराब होतो आणि प्रसंगी धोकाही असतो. रेग्युलेटर घेताना दुकानदार एचटी७३३३ देत होता. नावं जवळजवळ सारखी, पण तो २५० मिलीअँपिअरचा. वायफायच्या झटक्याला अपुरा. ७८३३ पाचशेचा आहे, स्वतःसाठी व्होल्टेज थोडाच ठेवून घेतो आणि स्वतः जगायला फक्त ४ मायक्रोअँपिअर घेतो.

हा ४ मायक्रोअँपिअरचा आकडा पुढे सगळ्यात मोलाचा ठरला. कारण पॅनल पुरेनासं का झालं, हा प्रश्न अजून शिल्लक होता. जुना बोर्ड झोपलेला असताना किती घेतो ते मोजलं. चिप १० मायक्रोअँपिअर, पण पूर्ण बोर्ड १० मिलीअँपिअर! हजारपट. एएमएस१११७ नुसता बसून ५ मिलीअँपिअर घेतो, उरलेलं यूएसबीची चिप आणि तो छोटा लाल पॉवर दिवा. त्यात अल्ट्रासोनिक सेन्सर कायम जोडलेला, त्याचे आणखी ५. एकूण १५ मिलीअँपिअर, चोवीस तासांचे ३६० मिलीअँपिअर-तास. आणि काम करायला किती? दर वेळी सहा सेकंद, सरासरी १२० मिलीअँपिअर, दिवसाला ९६ वेळा: एकोणीस-वीस मिलीअँपिअर-तास. भाच्याने हे स्वतः कागदावर मांडलं आणि दोनदा तपासलं. झोपेत ३६०, कामात २०. आकडे पाठवण्यामधलं अंतर वाढवू का, असं तो मात्र वीस दिवस विचारत होता, म्हणजे त्या वीसातले काही वाचवायला.

झोपेतला करंट मोजताना एक सांभाळायला हवं. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर सेलच्या वाटेत घातला की मीटरचाच रोध आड येतो. बोर्ड जागा झाला की तिथेच इतके व्होल्ट पडतात की तो रिसेट होतो, आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. मीटरच्या दोन टोकांवर एक छोटी वायर आडवी लावून ठेवायची, बोर्ड झोपला की ती काढायची, आकडा वाचायचा, उठायच्या आधी परत लावायची.

नव्या डब्यात नुसतं मोड्यूल आहे, दिवा नाही, यूएसबी चिप नाही. सेन्सरच्या वाटेत एओ३४०१ हा पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, घातलाय, मोजायच्या वेळेपुरता सेन्सर चालू होतो. बॅटरीचा व्होल्टेज वाचायला व्होल्टेज वाटून कमी करणारा मोठ्या रोधांचा डिव्हायडर, आणि तो ३२ ते ३९ मधल्या पिनवर, कारण ईएसपी३२चा दुसरा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) वायफाय चालू असताना वापरता येत नाही. वायफायला ठरलेला आयपी पत्ता आणि चॅनल दिल्यामुळे जोडणी पटकन होते, सहा सेकंदांचं काम दोन सेकंदांत उरकतं. झोपेत पन्नास मायक्रोअँपिअरच्या आत. दिवसाचा सगळा खर्च आठ मिलीअँपिअर-तासांच्या घरात आला. रेझिस्टर लावून वाट परत मोजली, सेलपासून बोर्डपर्यंत ०.०४ व्होल्ट.

एवढा खर्च उतरल्यावर मी म्हटलं, "अरे, मग सोलर हवाय कशाला?" त्याला पॅनल काढायचं जिवावर आलं होतं, त्याच्या हातचं पहिलं सोलर. पण मला उन्हाळ्याची काळजी होती. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या बंद प्लास्टिकच्या डब्यात तापमान त्याच्यावर सहज जातं. पॅनल नेमकं त्याच वेळी जोरात चार्ज करतं. शेवटी आम्ही सेलचा प्रकारच बदलला. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि बहुतेक आयुष्य ३.२ ते ३.३ च्या आसपासच घालवतो. ईएसपी३२ला ३.० ते ३.६ लागतात. म्हणजे मध्ये रेग्युलेटरच नको. उष्णतेला हा प्रकार लिथियम-आयनपेक्षा बराच शांत. क्षमता कमी, त्याच १८६५० मापात १५०० मिलीअँपिअर-तास, पण रोजच्या आठला तेवढे कित्येक महिने पुरतात. सेन्सर ३ व्होल्टपासून चालणाऱ्या आवृत्तीचा आहे, तोही खूश. फक्त हा सेल टीपी४०५६वर कधीही लावायचा नाही; तो ४.२ पर्यंत नेतो आणि या सेलला ३.६-३.६५ च्या वर जाऊ द्यायचं नसतं. टीपी५००० वाला चार्जर घेऊन तो फॉस्फेटच्या सेटिंगवर ठेवलाय, घरातच चार्ज होतं. चार्ज झालेला सेल थोडा वेळ तसाच पडू द्यायचा, व्होल्टेज ३.४ च्या आसपास स्थिरावला की मग डब्यात.

डबा आता टाकीच्या उत्तरेच्या सावलीत आहे. वायरी खालून आत जातात आणि डब्याच्या आधी खाली झुकून मग वर येतात, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. सगळ्या सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिलेत. ते बहिणीचं.

फॉस्फेट सेलची एक अडचण मान्य करायला हवी. त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे सेल किती उरलाय हे व्होल्टेजवरून कळत नाही, आणि शेवटी तो झपकन उतरतो. म्हणून आम्ही झोपेतला व्होल्टेज बघतच नाही. वायफाय पाठवत असताना बोर्ड लागोपाठ एडीसी वाचतो आणि त्यातला सगळ्यात खालचा आकडा पुढच्या वेळी पाण्याच्या पातळीसोबत पाठवतो. तो आकडा गेले कित्येक आठवडे ३.१५ च्या आसपास हलतोय. तो ३.० च्या खाली गेला की भाच्याच्या फोनवर मेसेज येईल आणि डबा पंधरा मिनिटांऐवजी तासाने आकडा पाठवेल. एखादा जोड परत गंजायला लागला तरी आधी हाच आकडा हळूहळू उतरायला लागेल, सेल भरलेला असला तरी.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरीकाकांनी बी विंगच्या टाकीलाही असा डबा हवाय म्हणून सांगितलंय. भाच्याने सामानाची यादी केलीय. त्यात होल्डर नाही, जंपर वायरी नाहीत, आणि पहिल्या ओळीवर दहा ओहमचा सिमेंट रेझिस्टर आहे.